तिसऱ्या टँकरचे चारशे मीटर

१

रस्ता उघडा पडला होता. खड्डे पडले असते तर लोकांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. हे वेगळंच होतं. हॉस्पिटलकडे जाणारा दीड किलोमीटरचा नवा रस्ता, पुढे काळाभोर, मागे काळाभोर, आणि मधल्या चारशे मीटरमध्ये डांबराने खडीचा हात सोडून दिलेला. दगड कसे, तर धुतल्या तांदळासारखे. माणसाबद्दल असं म्हणतात तेव्हा कौतुक असतं. रस्त्याबद्दल म्हणायची वेळ आली की कुणाची तरी नोकरी जाते.

दोन आठवडे पाऊस लागून राहिला होता. त्या सुट्या खडीवरून ड्यूटीला निघालेली एक नर्स स्कूटरसकट घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि मग सगळ्यांना जाग आली.

रस्ते खात्याच्या साहेबांनी मला सोमवारी बोलावलं. मी चौतीस वर्षं त्याच खात्याच्या लॅबमध्ये डांबर तापवलं, दाबलं, बुडवलं आणि फोडलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून कुठे काही फसलं की मला तपासणीला बोलावतात, कारण मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझा स्वभाव तिखट आहे म्हणे. असेल. डांबराशी गोड बोलून काही होत नाही.

"मॅडम, मामला सरळ आहे," साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "चार टँकर डांबर आलं. तिसऱ्या टँकरच्या डांबरातून बरोबर हेच चारशे मीटर झाले. लॅबने त्याचा पाण्याचा निकाल दिलाय शंभरात शहाऐंशी. रस्ता म्हणतोय पाण्यात टिकत नाही, लॅब म्हणतेय टिकतं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रस्त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही."

पाण्याचा निकाल म्हणजे काय, ते सांगते. खडी आणि डांबराचे सहा ठोकळे करायचे. तीन कोरडेच फोडायचे, तीन साठ अंशाच्या गरम पाण्यात चोवीस तास ठेवून मग फोडायचे. कोरडा फोडायला शंभराचा जोर लागला, तर भिजलेल्याला निदान ऐंशीचा लागला पाहिजे. नाहीतर पाणी दगड आणि डांबर यांच्यामध्ये शिरलं असं समजायचं.

निकालाखाली सही धाकटीची होती. लॅबमध्ये एकाच नावाच्या दोघी होत्या तेव्हापासून हिला सगळे धाकटी म्हणतात. थोरली बदलून गेली, हिचं धाकटी तसंच राहिलं. माझ्यानंतर लॅब तीच सांभाळते. काम मीच शिकवलं होतं तिला.

"टेस्ट न करताच आकडा लिहिला," साहेब म्हणाले. "शुक्रवारी चारला सुनावणी आहे. सिद्ध झालं तर नोकरी जाईल, आणि पुन्हा कुठल्या लॅबच्या दारात कुणी उभं करणार नाही तिला."

"झालं तर," मी म्हटलं. "राखीव डबा उघडू या की. त्यात काय एवढं?"

प्रत्येक टँकरमधून लिटरभर डांबर सीलबंद डब्यात काढून कपाटात ठेवायचं असा नियम आहे, भांडण झालं तर पुन्हा तपासता यावं म्हणून. किल्ली मागवून आम्ही कपाट उघडलं. एक नंबरचा डबा होता, दोनचा होता, चारचा होता. तीनच्या जागी धुळीत नुसता गोल ठसा होता.

आणि कपाटाची किल्ली फक्त धाकटीकडे असते.

२

धाकटी वॉटर बाथजवळ, म्हणजे ठोकळे भिजवायच्या गरम पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. डोळे सुजलेले.

"टेस्ट केली होतीस?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"केली होती, बाई."

"किती वेळ ठेवले होते पाण्यात?"

"चोवीस तास दहा मिनिटं. दहा मिनिटं जास्त झाली, वजनकाट्यावर दुसरं काम चालू होतं."

मला जरा बरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस गोल आकडा सांगतो. ही दहा मिनिटांसकट सांगत होती, आणि त्या दहा मिनिटांची तिला अजून लाज वाटत होती. पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"डबा कुठाय?"

ती हाताच्या नखांकडे बघायला लागली. "माहीत नाही."

"किल्ली तुझ्याकडे, कपाट शाबूत, आणि डबा काय पाय फुटून गेला?"

"बाई, मला खरंच माहीत नाही."

हे मात्र साफ खोटं होतं. माझ्या हाताखाली चार वर्षं काढलेली ही मुलगी नखं बघायला लागली की काहीतरी लपवते, हे आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट होतं. मी भडकले. बरंच बोलले. बाहेरच्या शिपायाने आत डोकावून पाहिलं आणि गपकन दार लावून घेतलं. धाकटी रडली, पण डब्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. टेस्टबद्दल ती खरं बोलतेय, डब्याबद्दल खोटं. खरं काम केलेल्या माणसाला पुरावा लपवायची गरज काय?

३

मंगळवारी सकाळी त्या चारशे मीटरमधून आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या भागातून गोल तुकडे कापून काढले. संध्याकाळपर्यंत एवढं कळलं, की डांबर कमी घातलेलं नव्हतं, खडी एकाच खाणीची होती, दाबणंही ठाकठीक होतं. कोरड्यात वाईट तुकडा चांगल्याच्या जवळपास यायचा. पाण्यात घातला की मात्र हातात दगड वेगळे आणि डांबर वेगळं. म्हणजे चोरी नव्हती. मला तर चोरीच हवी होती, चोर पकडायला सोपा असतो.

बुधवारी पहिल्याच तासाला मी प्लांटवर गेले. खडी आणि डांबर गरम करून मिसळतात तो हा प्लांट. तिथला मॅनेजर म्हणजे बोलण्यात लोणी.

"मॅडम, आमच्याकडून तसूभर चूक नाही. हे रजिस्टर बघा."

रजिस्टरमध्ये 'औषध' असा एक रकाना होता आणि चारही टँकरपुढे बरोबरची खूण होती. प्लांटवर औषध म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. दगडाला पाण्याची ओढ डांबरापेक्षा जास्त. म्हणून डांबरात थोडं रसायन घालतात, त्याने ते दगडाला घट्ट धरून राहतं. निळ्या पिंपात येतं. त्याचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून सगळे औषध म्हणतात.

"औषध पडलं होतं ना नक्की?" मी विचारलं.

"चारही टँकरला, मॅडम. न चुकता."

"त्या दिवशी तुम्ही होतात?"

"तिसऱ्या टँकरच्या दिवशी नेमका नव्हतो. मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. पण फोन करून विचारलं होतं मी, औषध आहे ना त्यात? हो म्हणाले. आल्यावर खूण केली."

बाहेर टँकरवाला त्याच्या गाडीच्या सावलीत बसला होता. चारही फेऱ्या त्यानेच आणल्या होत्या. साहेबांच्या संशयितांच्या यादीत हाही होता, वाटेत डांबर काढून रॉकेल ओतलं असेल म्हणून.

"रॉकेल ओतलं असतं तर वास आला नसता का हो?" तो वैतागून म्हणाला. "आणि वासाचंच म्हणाल तर ते आम्ही नाही केलं. ते इथलं."

"कसला वास?"

"तिसऱ्या फेरीला. डांबर टाकीत उतरवून झालं, मी इथंच डबा उघडून जेवायला बसलो, आणि असा वास सुटला, सडक्या मासळीचा! तसाच डबा बंद केला. उपाशी गेलो मी त्या दिवशी."

"बाकीच्या तीन फेऱ्यांना?"

"छे. डांबराचा वास, दुसरं काही नाही. पोटभर जेवलो की."

मी उभी होते तिथेच थांबले. गरम डांबरात ते निळ्या पिंपातलं औषध पडलं की सडक्या मासळीचा वास येतो. मी चौतीस वर्षं तो वास साडीला घेऊन घरी गेलेय. वास फक्त तिसऱ्या दिवशी आला असेल, तर औषध फक्त तिसऱ्या दिवशी पडलं. म्हणजे ज्या तीन दिवशी औषध नव्हतं तो रस्ता धडधाकट होता, आणि ज्या दिवशी पडलं तेवढाच सोलून निघाला होता.

४

मी तडक मॅनेजरच्या खोलीत गेले आणि डांबराचं चलन मागितलं. त्यावर रिफायनरीने छापलं होतं: आम्लसुधारित.

"हे काय?"

"नवीन डांबर, मॅडम. रिफायनरीतच त्यात आम्ल घालून येतं. कडक होतं, उन्हात पाघळत नाही, पाण्यातही टिकतं. तेच म्हटलं ना मी, औषध घालूनच येतं."

"याला औषध म्हणता तुम्ही?"

"मग काय म्हणायचं?"

कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. मी विचारलं एका औषधाचं, याने सांगितलं दुसऱ्याचं, आणि दोघांचंही समाधान झालं होतं. असंच त्याचं फोनवर कुणाशी तरी झालं असणार.

तो कुणीतरी म्हणजे घड्याळकाका. मिक्सर चालवतात. तीस वर्षांत एक दिवस उशिरा आले नाहीत म्हणून हे नाव. मला बघून उठून उभे राहिले.

"काका, तिसऱ्या टँकरच्या दिवशी औषध तुम्ही घातलंत?"

"घातलं की, बाई!" त्यांना अभिमानच वाटत होता. "मॅनेजरसाहेबांचा फोन आला, औषध आहे ना त्यात? म्हटलं, आहे, आत्ताच घातलं. बाकीच्या दिवशी साहेब स्वतः समोर असतात, थेट पंप जोड म्हणतात, मला हात लावू देत नाहीत. माझ्या जिवाला घोर लागायचा. त्या दिवशी मी एकटा होतो, मग कसं विसरेन? तुमचा नियम आहे."

"माझा?"

त्यांनी टाकीकडे बोट केलं. तिथे पत्र्याची पाटी होती. 'औषध घातल्याशिवाय पंप सुरू करू नये.' खाली सही. माझी.

आठवलं मला. पंधरा वर्षांपूर्वी काका एकदा औषध घालायचं विसरले होते आणि मी त्यांना सगळ्या प्लांटसमोर फाडून खाल्लं होतं. त्याच दिवशी ही पाटी लावून घेतली. पाटी चुकीची नव्हती, जुन्या डांबराला तेच बरोबर होतं. पण काका मान खाली घालून म्हणाले, "काही चुकलं का, बाई?" आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

५

डोक्यात चित्र पुरं झालं होतं. रिफायनरीचं आम्ल आंबट, पिंपातलं औषध त्याच्या उलट. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की फसफसून दोघांचीही चव जाते, तसंच. आम्लाने औषध मारलं, औषधाने आम्ल मारलं. उरलं ते ना कडक ना चिकट, आणि वर पाणी ओढून घेणारं. धाकटीने नमुना टँकरवरच घेतला होता, पिंप उघडायच्या आधी. तिचा शहाऐंशी खरा होता आणि रस्ताही खरा होता.

पण हे झालं बोलणं. साहेबांना आकडा लागतो. आकड्यासाठी तिसऱ्या टँकरचं डांबर लागतं, आणि तोच डबा गायब.

मी लॅबमध्ये जाऊन धाकटीला सगळं सांगितलं. औषध, आम्ल, काकांची पाटी, सगळं. ती ऐकत राहिली. मग पर्स उचलून म्हणाली, "अर्ध्या तासात येते." आली तेव्हा कापडी पिशवीत तीन नंबरचा डबा होता. सील शाबूत.

"घरी होता?" मी ओरडलेच.

"रस्ता उखडला त्या दिवशी मॅनेजर इथं दोनदा आले. साहेबांनी कपाटाची किल्ली मागितलीय म्हणाले. साहेबांनी मागितलीच नव्हती, मी विचारलं. मला वाटलं, डबा बदलतील. म्हणून नेला. आणि नंतर, नेला हे सांगायची भीती वाटली."

"माझी?"

ती रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली. म्हणजे माझीच.

त्याच दुपारी आम्ही साहेबांचा माणूस समोर बसवून सील फोडलं. सहा ठोकळे नुसत्या डांबराचे केले, सहा त्यात पिंपातलं औषध घालून. औषध गरम डांबरात पडलं आणि खोलीभर सडकी मासळी पसरली. साहेबांचा माणूस नाक धरून बाहेर पळाला. गुरुवारी ठोकळे पाण्यात गेले.

६

गुरुवारीच साहेबांचा फोन आला. आवाजात विजय होता.

"मॅडम, तुमची ती आम्ल-औषधाची गोष्ट मी रिफायनरीला विचारली. ते म्हणाले, बरोबर आहे, दोन्ही एकत्र करू नका असं परिपत्रक आम्ही सगळ्या लॅबना केव्हाच पाठवलंय. म्हणजे लॅबला माहीत होतं आणि लॅबने प्लांटला सांगितलं नाही. लॅब म्हणजे कोण? तीच ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परिपत्रक कुणी दाबून ठेवलं? फोन ठेवून मी लॅबभर बडबडत सुटले, "ज्याने कुणी हे केलंय ना, त्याची सालं काढते मी. एका कागदाने एका पोरीची नोकरी जायची वेळ आलीय, एका बाईची मांडी मोडलीय!" धाकटीला म्हटलं, "आवक फाइल आण जुनी. तारीख आणि सही बघू."

"ती फाइल सापडत नाही, बाई," ती म्हणाली. "मी बघितलं. गहाळ झाली असेल."

मी स्वतः स्टोअरमध्ये गेले. फाइल तिसऱ्या फळीवर होती, जिथे असायला हवी तिथेच.

परिपत्रक साधंसुधं एका पानाचं होतं. 'आम्लसुधारित डांबरात चिकटपणासाठीचे रसायन मिसळू नये. संबंधित प्लांटना कळवावे.' कोपऱ्यात लाल शाईत 'पाहिले', तारीख आणि सही. तारीख माझ्या निवृत्तीच्या नऊ दिवस आधीची. सही माझी.

मी पाहिलं होतं. वाचलं असेनच असं नाही. शेवटच्या आठवड्यात टेबल रिकामं करायच्या घाईत मी ढिगाने कागदांवर 'पाहिले' लिहिलं होतं, आणि हा त्यातलाच एक. कळवायचं राहिलं. मी स्टोअरमधल्या स्टुलावर बसून राहिले. ज्याची सालं काढायची होती तो माणूस सापडला होता. पान एकच होतं, टाचणीला लावलेलं. ओढलं असतं तर निघालं असतं. खोटं कशाला सांगू, हात तिथवर गेला होता.

शुक्रवारी सकाळी ठोकळे फोडले. नुसत्या डांबराचे, शंभरात पंच्याऐंशी. औषध घातलेले, एकेचाळीस.

चार वाजता सुनावणी झाली. साहेब, मॅनेजर, काका, धाकटी आणि मी. मी आकडे वाचले, वास सांगितला, एका शब्दाची दोन औषधं कशी झाली ते सांगितलं. मॅनेजर एकदम काकांकडे वळला, "यांनीच घातलं!" साहेब म्हणाले, "ते कळलं. पण कळवायची जबाबदारी लॅबची."

"लॅबचीच," मी म्हटलं, आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. "सही वाचा."

त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे अहवालाला जोडायलाच हवं असं नाही. तुमचं इतक्या वर्षांचं नाव..."

"जोडा. तिने निकाल खरा दिला. काकांनी माझा नियम पाळला. मॅनेजरला कुणी काही सांगितलंच नव्हतं, मात्र तुमचं नाव सांगून किल्ली का मागितली ते त्यांना जरूर विचारा. चूक माझी आहे. आणि त्या नर्सला खात्याकडून पत्र जाईल त्यातही हेच लिहा."

निर्णय अर्ध्या तासात झाला. काकांवर ठपका नाही. डबा घरी नेला म्हणून धाकटीला लेखी समज, नोकरी कायम. मॅनेजरकडून खुलासा. माझं नाव तपासणीच्या यादीतून कमी. ते मी स्वतः लिहून आणलं होतं, साहेबांनी फक्त सही केली.

सामान घ्यायला लॅबमध्ये गेले तर धाकटी पाठोपाठ आली. मी चष्म्याचं घर शोधत होते, तिच्याकडे न बघताच म्हटलं, "काय गं, फाइल म्हणे गहाळ! तिसऱ्या फळीवर होती. डोळे तपासून घे."

"मला बुधवारीच सापडली होती," ती म्हणाली.

मी वळले.

"तुम्ही औषधाचं सांगितलंत ना, तेव्हाच वाटलं, असा कागद कुठेतरी आला असणार. तुम्ही ठोकळे करत होतात तेव्हा मी स्टोअरमध्ये जाऊन बघितलं."

"मग बोलली का नाहीस? अगं, त्या एका कागदाने तू सुटत होतीस! उद्या नोकरी गेली असती तर?"

"गेली असती." तिने चष्म्याचं घर टेबलावरून उचलून माझ्या हातात दिलं. "तुम्ही तिथवर पोचणार हे मला माहीत होतं, बाई. पोचल्यावर काय कराल, ते माहीत नव्हतं. तुम्ही ते पान काढून टाकलं असतंत, तर मला नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागलं असतं. म्हणून मला बघायचंच नव्हतं. म्हणून म्हटलं, सापडत नाही."

चौतीस वर्षांत मी त्या लॅबमध्ये कुणाला जवळ घेतलं नव्हतं. तिला घेतलं. टाचणीपर्यंत हात गेला होता, तेही सांगून टाकलं.